तानापिहिनिपाजा : रंगांना नावं कुठून मिळाली?

इंद्रधनुष्याचे रंग कोणते, असं विचारलं की मराठी शाळेत शिकलेला माणूस एका दमात 'तानापिहिनिपाजा' म्हणून मोकळा होतो. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. यातल्या पारव्यापाशी जरा थांबू. कापड दुकानात जाऊन 'पारव्या रंगाचा शर्ट दाखवा' असं आज क्वचितच कुणी म्हणेल, पण इंद्रधनुष्यात मात्र तो हक्काची जागा धरून आहे. नाशकात रामकुंडावर घोळक्याने दाणे टिपणारी राखी-निळी कबुतरं म्हणजेच पारवे. संस्कृतातला 'पारावत' प्राकृतातून येता येता मराठीत 'पारवा' झाला, आणि त्याच्या पिसांचा रंग तोही पारवा.

हा पक्षी इंद्रधनुष्यात शिरला तो न्यूटनमुळे. लोलकातून सूर्यप्रकाश सोडला की भिंतीवर रंगांचा पट्टा पडतो. त्या पट्ट्यात कुठेही रेघ नसते, एक रंग दुसऱ्यात मिसळत जातो. न्यूटनने सुरुवातीला त्यात पाच मुख्य रंग मोजले होते. संगीतात सात स्वर, तर रंगही सात असावेत या विचाराने त्याने पुढे दोन वाढवले : नारिंगी आणि इंडिगो. आता इंडिगो म्हणजे मुळात आपली नीळ, भारतातून युरोपात जाणारा रंग. म्हणून तर ग्रीकांनी त्याला 'भारतीय' अशा अर्थाचं नाव दिलं. पण मराठीत 'निळा' हा शब्द अख्ख्या आकाशाच्या रंगासाठी आधीच खर्ची पडला होता. मग निळा आणि जांभळा यांच्या मधल्या फटीत पारवा येऊन बसला.

या सात नावांकडे एकदा नीट पाहा. तांबडा तांब्यावरून, नारिंगी नारिंगावरून, पारवा पक्ष्यावरून, जांभळा जांभळावरून. सातातली चार नावं उघडउघड वस्तूंची आहेत. माझं म्हणणं असं, की रंगाला स्वतःचं नाव जवळजवळ कधीच नसतं. आधी वस्तू असते, तिच्यावरून रंग ओळखतात, आणि कालांतराने वस्तू विसरली गेली की तो शब्द खऱ्या अर्थाने रंगाचा होतो. काही शब्द हा प्रवास पूर्ण करतात, काही अर्ध्या वाटेवर राहतात, काही वाटेतच मरतात. मराठीत हे तिन्ही प्रकार आजही एकाच वेळी पाहायला मिळतात.

तांबडा हा पूर्ण पोचलेला शब्द. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचा नवा हंडा उन्हात धरून पाहा. तो लाल नसतो, पिवळाही नसतो. लालसर गुलाबीवर सोनेरी झाक असते, आणि कडेला जिथे उजेड तिरपा लागतो तिथे तो जवळजवळ केशरी दिसतो. चार दिवस वापरला की हवेने तांबूस-तपकिरी पडतो, मग काळवंडतो. चिंचेचा कोळ लावला की आंबटपणाने वरचा थर विरघळतो आणि खालून पुन्हा तो कोवळा रंग वर येतो. संस्कृतात 'ताम्र' म्हणजे हा धातू आणि हा रंगही. त्या ताम्राचं मराठीत तांबं झालं आणि त्याला 'डा' लागून तांबडा. 'तांबडं फुटलं' म्हणताना भांडं कुणाच्या मनात येत नाही, पण पहाटेच्या आकाशाला कधीतरी कुणीतरी हंड्याच्या रंगाचं म्हटलं होतं, हे त्या शब्दात गोठून राहिलंय.

मग प्रश्न येतो की नावं आधी कुठल्या रंगांना मिळतात? यावर गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं वाद चालू आहे, आणि तो सुरू झाला एका राजकारण्यामुळे. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला ग्लॅडस्टन हा प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्याचा वेडा अभ्यासक होता. १८५८ साली त्याने दाखवून दिलं की होमर समुद्राला मद्यासारखा म्हणतो, मधाला हिरवा म्हणतो, पण निळा हा शब्द आपण वापरतो तसा वापरतच नाही. काही वर्षांनी लाझारूस गायगर या जर्मन पंडिताने तोच धागा पुढे नेला. वेदांत उषा, सूर्य, आकाश, वीज यांची इतकी वर्णनं आहेत, तरी आकाश निळं आहे असं तिथे म्हटलेलं नाही, हे त्याने लक्षात आणून दिलं. तेव्हा काही जणांना वाटलं, जुन्या माणसांच्या डोळ्यांना निळा दिसतच नसावा. हे साफ चुकीचं ठरलं. ज्या समाजांच्या भाषेत निळ्याला वेगळा शब्द नाही त्या लोकांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा त्यांना रंग व्यवस्थित ओळखता येत होते. दिसणं वेगळं आणि नाव असणं वेगळं.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अभ्यासकांनी ९८ भाषांची माहिती जमवून एक क्रम मांडला. भाषेत रंगांचे दोनच मूळ शब्द असतील, तर ते काळोख आणि उजेड यांचे असतात. तिसरा आला की तो तांबड्याचा. मग हिरवा किंवा पिवळा, त्यानंतर उरलेला दुसरा. सहावा निळा. सातवा तपकिरी. आणि शेवटी जांभळा, गुलाबी, नारिंगी, करडा हे कुठल्याही क्रमाने. न्यू गिनीतल्या दानी लोकांच्या भाषेत खरोखर दोनच शब्द आहेत, 'मिली' आणि 'मोला'. एक गडद-थंड रंगांसाठी, दुसरा उजळ-उबदार रंगांसाठी.

या क्रमावर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त होती. ज्या वीस भाषा बोलणाऱ्यांना प्रत्यक्ष रंगांचे तुकडे दाखवून विचारलं, ते बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारे, इंग्रजी येणारे होते. या क्रमातले रंग एकूण अकरा, तो आकडाही इंग्रजीच्या मापाने बेतलेला. रशियनमध्ये गडद निळा 'सिनी' आणि फिकट निळा 'गलुबोय' हे दोन वेगळे मूळ रंग मानतात, आपण जसे गुलाबी आणि तांबडा वेगळे मानतो तसे. जपानीत 'आओ' हा शब्द निळ्यालाही चालतो आणि सिग्नलच्या हिरव्या दिव्यालाही. तरीही ढोबळमानाने तो क्रम टिकून आहे, आणि मराठीला लावून पाहिला तर चकित व्हायला होतं. पांढरा, काळा, तांबडा, पिवळा, हिरवा, निळा हे सगळे संस्कृत-प्राकृताच्या जुन्या वाटेने आलेले. त्यानंतरच्या तपकिरी, जांभळा, गुलाबी, नारिंगी यांत वस्तू अजून सरळ दिसतात.

जुन्या सहांतले काही शब्द उलगडून पाहण्यासारखे आहेत. पांढरा आला 'पाण्डर' वरून, आणि त्याचा अर्थ होता फिकट, निस्तेज. महाभारतातला राजा पांडू याचं नावही त्याच घराण्यातलं. व्यासांना पाहून अंबालिका भीतीने फिकी पडली म्हणून मुलगा फिक्या वर्णाचा झाला, अशी ती कथा. म्हणजे 'पांढराफटक पडला' असं आपण घाबरलेल्या माणसाला म्हणतो, तेव्हा शब्दाचा सगळ्यात जुना अर्थच वापरत असतो.

हिरवा आणि हळद यांचं नातं तर मला फारच आवडतं. संस्कृत 'हरि' या रंगात पिवळा, सोनेरी, तपकिरी-पिवळा, हिरवट असं सगळं मावत होतं. त्याच कुळातून हरित आणि पुढे आपला हिरवा, त्याच कुळातून हरिद्रा आणि तिची हळद, त्याच कुळातून हिरण्य म्हणजे सोनं. आणखी मागे गेलं तर इंग्रजी 'यलो' आणि 'गोल्ड' हेही याच मुळाचे नातलग. कोवळ्या पानापासून पिकल्या पानापर्यंत एकच शब्द चालत होता, आणि शेतकऱ्याला हे नवल वाटणार नाही, कारण पिकात हे दोन रंग एकमेकांत सरकतच असतात. वेगळं करण्याची गरज पडली तेव्हा 'पीत' पिवळ्याकडे गेला, 'हरित' हिरव्याकडे राहिला.

निळ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. संस्कृत 'नील' म्हणजे गडद. केस नील, ढग नील, रात्र नील. 'श्याम' शब्दातही काळा, गडद निळा, गडद हिरवा असे तिन्ही बसायचे. संतांनी विठ्ठलाला सावळा म्हटलं, घननीळ म्हटलं, काळाही म्हटलं, आणि त्यांना त्यात विसंगती वाटली नाही. पंचवटीत हे डोळ्यांनी पाहता येतं. काळाराम मंदिरातली मूर्ती काळ्या पाषाणाची, म्हणून देवाचं नाव काळाराम. त्याच परिसरात प्रसादाच्या दुकानांत टांगलेल्या फोटोंमध्ये राम निळा. दोन्ही चित्रं एकाच जुन्या शब्दाची आहेत. शिल्पकाराने नीलाचा काळा घेतला, चित्रकाराने निळा घेतला. काळ्याच्या पोटात असलेला निळा वेगळा निघण्याआधीचा तो शब्द. नाशकात गोरारामही आहे, आणि 'गौर' शब्दही असाच ऐसपैस होता. त्यात पांढुरका, पिवळसर, तांबूस असे सगळे उजळ वर्ण येत.

निळा वेगळा काढायला माणसाला नीळ हाताशी यावी लागली, असं मला वाटतं. आकाश आणि समुद्र हातात धरता येत नाहीत. निळी माती, निळं मांस, निळं धान्य सहसा सापडत नाही. नीळ मात्र विकता येते, मापता येते. आणि ती करण्याची रीत अशी की पाहणारा थक्क होतो. नीळीची पानं हिरवी असतात. ती हौदात पाण्याखाली दाबून आंबवतात, मग ते पाणी घुसळतात. हवा लागते तशी तळाशी निळा गाळ बसतो. त्याच्या वड्या करतात. पण वडी पाण्यात विरघळत नाही, म्हणून कापड रंगवताना ती पुन्हा आंबवणाच्या माठात घालून तिचा निळेपणा तात्पुरता घालवावा लागतो. कापड माठातून बाहेर काढलं की आधी पिवळट-हिरवं दिसतं. रंगारी ते वाऱ्यावर धरतो आणि बघता बघता, हिरवं होत होत, ते निळं होतं. पिवळा, हिरवा, निळा हे तिन्ही रंग एकाच ओल्या फडक्यावर पाठोपाठ येऊन जातात. १८९७ पासून जर्मनीत कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली आणि शेतातल्या नीळीचा धंदा थोड्या वर्षांत कोसळला. शब्द मात्र राहिला, कारण तोवर तो वनस्पतीचा राहिलाच नव्हता.

आता काही शब्द असे, की ते रंगाचेच आहेत पण एकाच गोष्टीला चिकटलेले. गोरा हा माणसाला किंवा देवाला म्हणतात, शर्टाला नाही. घारे फक्त डोळे. पिंगट केस. गव्हाळ वर्ण. बैल ढवळा असतो, भिंत ढवळी नसते. 'ढवळ्याशेजारी बांधला पोवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीतला वाण म्हणजे रंगच. ढवळ्या 'धवल' वरून, पोवळ्या पोवळ्यासारखा तांबूस. इगतपुरीकडची डांगी जनावरं पाहिलीत तर पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके असतात, आणि हजार जनावरांत आपलं ओळखायचं तर बांडा, कबरा असले शब्द लागतातच. भाषाशास्त्रज्ञ असल्या शब्दांना मूळ रंगांच्या यादीत घेत नाहीत, कारण ते कुठल्याही वस्तूला लावता येत नाहीत. यादीचा नियम म्हणून ते ठीक. पण त्यावरून मराठीचं रंगभान मोजायला गेलं तर अर्धी श्रीमंती बाहेरच राहते.

आणि काळा-पांढरा हे तर जमिनीचे शब्द होऊन बसलेत. जुन्या मराठीत गावाचे दोन भाग : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यानपिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून गावठाणाची जमीन पांढुरकी होते. उत्खनन करणाऱ्यांनाही हा शब्द उपयोगी पडतो, कारण पांढरीचं टेकाड दिसलं की खाली जुनी वस्ती असण्याची शक्यता. गोदावरीकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी खणलं, तेव्हा नाशिकची वस्ती थराथराने मागे जाताना दिसली. शेतकऱ्यांच्या तोंडी तो भेद त्याआधी कितीतरी काळ होता.

तपकिरीची जन्मवेळ आपल्याला बरीच नेमकी सांगता येते, आणि हे फार थोड्या रंगांच्या बाबतीत शक्य असतं. तपकीर म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची पूड. तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांनी इकडे आली. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अकबराचा दूत असद बेग विजापूरहून त्याच्या दरबारी तंबाखू घेऊन गेला, तेव्हा तिथे ती नवलाईची चीज होती. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात मराठीत तपकिरी हा शब्द असणंच शक्य नाही. मग त्याआधी लोकांना हा रंग दिसत नव्हता का? दिसत होता, पण माती मातकट होती, केस पिंगट होते, गाय कपिला होती, डोळे घारे होते. सगळ्यांना मिळून एक नाव लागावं अशी वेळ आली नव्हती. आणि आली तेव्हा ते नाव चिमटीतल्या पुडीने पुरवलं. आज तपकिरीची डबी कुणाच्या कमरेला दिसत नाही. पुस्तकातलं अस्वल मात्र तपकिरी आहे.

शब्द कितपत मुरलाय हे ओळखायची एक सोपी खूण मराठी व्याकरणात आहे. काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर, काळ्या मांजराला. नाम बदललं की शब्द बदलतो. पांढरा, तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, करडा, भगवा सगळे असेच वाकतात. लाल मात्र वाकत नाही : लाल घोडा, लाल गाय, लाल मांजर. कारण लाल फारसीतून आला, त्याचं नातं माणकाशी. गुलाबी, केशरी, पोपटी, तपकिरी, आकाशी हेही वाकत नाहीत. वस्तूच्या नावाला 'ई' लावून केलेले हे शब्द, त्यांच्या शेवटी वस्तू अजून उभी असते. या सगळ्यांत जांभळा वेगळा. तो फळाचा असूनही वाकतो, जांभळी साडी, जांभळं फूल, आणि त्याचा जांभळटही होतो. फळातून रंगात पुरता उतरलेला तो एक शब्द.

रंगाला जोडून येणारे ठसके पाहिले तरी हेच दिसतं. काळाकुट्ट, काळाभोर, हिरवागार, निळाशार, पिवळाधमक, लालभडक, लालचुटूक, लालबुंद. अंधार काळाकुट्ट आणि केस काळेभोर, अदलाबदल चालत नाही. दोन ठिकाणी तर जोडीतले दोन्ही शब्द एकाच रंगाचे आहेत. पिवळाजर्दमधला जर्द हा फारसीत पिवळाच. पांढराशुभ्रमधला शुभ्र संस्कृतात उजळ, पांढराच. एकेकाळी ज्यांना पिवळा कळायचा त्यांना पिवळा आणि ज्यांना जर्द कळायचा त्यांना जर्द, असं दोघांनाही समजावं म्हणून अशा जोड्या पडत असाव्यात. नारिंगीला किंवा तपकिरीला असला कुठलाच ठसका मिळालेला नाही.

फारसीचं देणं इथे मोठं आहे. दख्खनच्या सुलतान्या आणि नंतर मुघल, यांच्या दरबारी भाषेबरोबर लाल, जर्द, सफेत, आस्मानी, फिरोजी, बदामी, खाकी आले. खाक म्हणजे धूळ. १८४० च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडच्या तुकडीला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने धुळीच्या रंगाचे कपडे दिले आणि तिथून खाकी जगभरच्या सैन्यांत गेला. नाशिकला तर मुघलांनी नावच गुलशनाबाद दिलं होतं. गुल म्हणजे फूल, गुलशन म्हणजे फुलबाग. गुलाब या शब्दाचा फारसीतला अर्थ गुल अधिक आब, फुलाचं पाणी, म्हणजे गुलाबजल. आपल्याकडे येईपर्यंत अत्तरदाणीतलं पाणी मागे पडलं आणि शब्द फुलाला लागला, मग फुलावरून रंगाला. नाशिकजवळच्या जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाउसमध्ये आज लाल, पिवळे, पांढरे सगळे गुलाब पिकतात. रंग मात्र एकट्या गुलाबी गुलाबाचा झाला.

नारिंगी उलट दिशेने फिरला. संस्कृतातलं नारंग फारसीत नारंग, अरबीत नारंज, तिथून स्पेनमध्ये, मग फ्रेंचपर्यंत येता येता सुरुवातीचा 'न' गळाला आणि शेवटी इंग्रजीत ऑरेंज. इंग्रजीत फळ आलं तरी रंगासाठी हा शब्द सोळाव्या शतकातच रुळला. त्याआधी तिथे 'पिवळा-तांबडा' अशा अर्थाचा जोडशब्द चाले, नाहीतर सरळ तांबडाच म्हणत. म्हणून रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असून त्याचं इंग्रजी नाव आजही लाल छातीवाला.

किड्यांनीही रंगांना नावं दिलीत. किरमिजी ज्या 'किर्मिज' वरून आला तो ओकच्या झाडावर वाढणारा एक बारीक किडा. वाळवून कुटला की त्यातून गडद तांबडा रंग निघतो. फारसी 'किर्म' आणि आपला कृमी सख्खे. इंग्रजी क्रिमझन आणि कार्माइन त्याचेच. आपल्याकडे तेच काम लाखेच्या किड्याने केलं, पळसाच्या नि बोरीच्या फांद्यांवर बसून.

फुलांमध्ये मला कुसुंब्याची हकिकत सगळ्यात सांगण्यासारखी वाटते. करडईचं फूल पिवळं-केशरी. त्याच पाकळ्यांत दोन रंग असतात. पाण्यात चोळून धुतल्या की पिवळा निघून जातो. उरलेल्या चोथ्यातून खाराच्या पाण्याने लाल काढायचा आणि त्यात लिंबासारखं आंबट घातलं की तो कापडावर बसतो. हा कुसुंबी. करडई अजून पिकते, पण तेलासाठी. फुलं खुडून कपडे रंगवणं थांबलं, आणि कुसुंबी शब्द जुन्या गाण्यांपुरता उरला. वस्तू आहे, पण वस्तूचा रंगाशी असलेला धंदा तुटला, तेवढ्यानेच नाव गेलं.

त्या जागी कारखान्यातले रंग आले आणि त्यांना नावंही कारखान्याच्या काळातली मिळाली. मजेंटा हे इटलीतल्या एका गावाचं नाव. १८५९ साली तिथे मोठी लढाई झाली आणि त्याच सुमाराला निघालेल्या नव्या झगझगीत रंगाला ते चिकटलं. आपण त्याच्या आसपासच्या छटेला राणी कलर म्हणतो. मरून हा फ्रेंच भाषेतला चेस्टनटचा, म्हणजे आपण कधी न पाहिलेल्या फळाचा शब्द.

तरी नावं घडण्याचं काम थांबलेलं नाही, आणि ते पाहायचं तर येवल्याला जावं. पैठणीच्या दुकानात गादीवर बसलं की आमसुली, अंजिरी, डाळिंबी, वांगी, अबोली, मोरपंखी, शेवाळी, विटकरी अशी नावं पाण्यासारखी वाहत येतात. विकणाऱ्याचं पोट त्यावर आहे. तांबड्या-जांभळ्याच्या मधल्या छटांतून गिऱ्हाइकाला नेमकी हवी ती काढून द्यायची, तर 'डार्क मरून' म्हणून भागत नाही. आमसुलाची आठवण काढली की दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच रंग येतो. धूपछाव साडीत तर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. पदर हलला की रंग हलतो, म्हणून तिला एका रंगाचं नाव देताच येत नाही, ऊन-सावलीचं द्यावं लागतं. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले जुने हौद, उघडतात तेव्हाही प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, कुठे गुलाबी, कुठे पिवळा, कुठे केशरी. अंगावर कोणता रंग आहे यावरून कोण कुठल्या रहाडीत धप्पा मारून आला ते चौकातल्यांना कळतं.

याच्या अगदी उलट, बाजारसमितीत छटा कुणालाच नको असते. लासलगावला लाल कांदा म्हणतात त्याची साल नीट पाहिली तर चांगली जांभळट असते. पण तिथे 'लाल' हे वर्णन नाही, तो उन्हाळ कांद्यापासून वेगळा सांगण्यापुरता शब्द आहे. पांढरी वाईन पिवळसर असते, हिरवा चहाही पिवळाच, पण त्यांची नावं शेजारच्या लाल वाईनपासून आणि काळ्या चहापासून वेगळं काढायला दिलेली. सिंहस्थात तपोवनात साधूंची छाटी गेरूच्या मातकटापासून झळझळीत केशरीपर्यंत हव्या त्या छटेची असते. गेरू हा शब्द 'गैरिक', म्हणजे गिरीवरचा, डोंगरातली माती. पण छटा कुठलीही असो, तिला भगवाच म्हणतात, कारण तिथे रंग कुणाचा हे सांगायचं असतं, कसा हे नाही.

आणि तांबडा? तो सध्या मागे सरकतोय. दोन पिढ्यांपूर्वी घराघरांत तांबडी साडी, तांबडी शाई, तांबडं फूल असायचं. आता मुलं सगळ्याला लाल म्हणतात. फारसीतून आलेला, न वाकणारा लाल या घरच्या, वाकणाऱ्या, क्रियापदं असलेल्या शब्दाची जागा घेतोय. डोळे पूर्वी तांबारायचे, आता लालावतात किंवा नुसते लाल होतात. तांबडा उरलाय तो ठरावीक ठिकाणी : तांबडी माती, तांबडा भोपळा, तांबडा रस्सा, आणि पहाटेचं तांबडं. एसटीला कुणी तांबडी गाडी म्हणत नाही. गोरा जसा कातडीपुरता आणि घारा डोळ्यांपुरता राहिला, तसा तांबडाही चार-सहा वस्तूंपुरता होत चाललाय, आणि एका पाठांतरातल्या पहिल्या अक्षरापुरता.